तीनशे भोपळे आणि एक कान

दोन भोपळे घ्या. दोन्ही वाळून खडखडीत झालेले, दोन्ही पिवळट, दोन्हींचा घेर सारखा आणि वजनात गुंजभराचा फरक नाही. यातल्या एकाची सतार केली तर ती पन्नास वर्षं वाजेल. दुसऱ्याची केली तर पन्नास दिवसांत तडकेल. आता ओळखा बघू, कोणता कोणता.

नाही ना येत? मिरजेच्या दस्तगीरनानांना यायचं. ते बोटाच्या पेराने भोपळ्यावर टकटक करायचे, मान जराशी कलती करायचे आणि सांगायचे, हा ठेव, तो काढ. संपलं. त्यांचा कान इतका तिखट होता की पलीकडच्या गल्लीत कोणी कणकेत पाणी जास्त घातलं तरी त्यांना इथे बसून कळायचं, असं लोक म्हणत. कणकेचं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. भोपळ्यांचं मात्र सांगतो.

ही गोष्ट अजून घडायची आहे. पंचवीस-तीस वर्षं आहेत तिला. तरी ती मला पाठ कशी, हे विचारू नका. विचारलंत तर मी आणखी एक गोष्ट सांगेन आणि ही राहून जाईल.

तर त्या काळी मिरजेच्या बस आपल्या आपण चालायच्या. पण एखाद्या मावशीने पिशवीसकट हात वर केला की थांबा नसला तरी थांबायच्या, कारण तेवढं त्यांना शिकवावंच लागलं होतं. वाचनालयात पुस्तकांच्या जोडीने यंत्रमानवही आठ दिवसांसाठी घरी न्यायला मिळत, पाठीवर तारखेचा शिक्का मारून. आणि चंद्रावर माणसांची वस्ती झाली होती. वस्ती झाली की शाळा आली, शाळा आली की संगीताचा तास आला. त्या चंद्रावरच्या शाळेने दस्तगीरनानांकडे बारा सतारी मागितल्या होत्या. लहान मुलांच्या मांडीवर मावतील अशा, छोट्या घेराच्या.

नानांकडेच का? कारण बाकी सगळीकडे छापील तुंबे (यंत्रातून थरावर थर चढवून काढलेले नकली भोपळे) आले होते. खऱ्या भोपळ्याची सतार करणारं एकच दुकान उरलं होतं. चंद्रावरच्या बाईंनी निरोपात लिहिलं होतं, की आमच्या मुलांनी मातीत उगवलेली वस्तू कधी हातात धरलेली नाही, म्हणून आम्हाला खरा भोपळा हवा. मात्र इथली बंद घुमटातली हवा फार कोरडी असते. भोपळा आतून जरा जरी कच्चा असला तरी तडकेल. जमेल का, ते शनिवारपर्यंत कळवा.

नाना कळवत नव्हते. सोमवार गेला, मंगळवार गेला. अखेर त्यांनी आपल्या मुलीला, शमशादला, सांगून टाकलं की नाही म्हणून लिही. शमशादने कारण विचारलं, तर म्हणाले वय झालं. वय तर गेल्या वर्षीही झालेलं होतं, म्हणून तिने अजून काही लिहिलं नव्हतं.

खरं कारण नानांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस अकरा वर्षांचं होतं. नाझनीन, शमशादची मुलगी. घरात नाझू. नाना हल्ली बोलणाऱ्याकडे डावा कान वळवतात, हे तिने पाहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात नानांनी निवडलेल्या भोपळ्याची एक सतार दोन महिन्यांत तडकून परत आली होती. नानांनी खापर दांडीवर फोडलं. पण त्या दिवसापासून ते माळ्यावरच्या नव्या भोपळ्यांना हात लावत नव्हते. भीमेकाठच्या शेतांतून आलेले तीनशे भोपळे तिथे नुसते पडून होते.

नानांचा कान गेला की ती विद्याही जाणार होती. शमशादने ती शिकायला पूर्वी कितीदा मागितली होती. नानांचं उत्तर ठरलेलं. जे मला सांगता येत नाही ते तुला शिकवू कसं?

बुधवारी शाळा सुटल्यावर नाझू वाचनालयात गेली आणि शेल्फावर उरलेला एकमेव यंत्रमानव घेऊन आली. उंची गुडघ्यापर्यंत, अंग हिरवं, आकार गोलमटोल. आधीच्या कोणा मुलाने त्याच्या पोटावर खिळ्याने ‘ढब्बू’ असं कोरून ठेवलं होतं, तेच नाव त्याला पडलं होतं.

नाझूने त्याला सांगितलं की तुला भोपळे ओळखायचे आहेत.

ढब्बू म्हणाला की भोपळा म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण बरा-वाईट भोपळा ठाऊक नाही. तू नियम सांग, मी पाळतो.

नाझू नानांकडे नियम आणायला गेली. नाना आधी दुर्लक्ष करत राहिले, मग कंटाळून म्हणाले, चांगला भोपळा ‘ठण्ण’ म्हणतो, वाईट ‘ठब्’ म्हणतो, झालं तुझं? नाझूने तसं ढब्बूला सांगितलं. माळ्यावरचे चार भोपळे खाली आणून वाजवले. पहिला ‘ठण्’ म्हणाला. दुसरा ‘टम्’. तिसरा ‘ठंब’. चौथ्याने तर असा आवाज काढला की तो अक्षरांत लिहायला मलाही जमणार नाही.

‘ठण्ण एकही नाही, ठब् एकही नाही,’ ढब्बू म्हणाला. ‘मी काय करू?’

इथे खरी मेख होती, मुलांनो. कॉम्प्युटरला काम सांगायची जुनी रीत म्हणजे प्रोग्रामिंग (कामाची प्रत्येक पायरी नियम करून लिहून देणं). अमुक झालं तर तमुक कर. बेरीज-वजाबाकीला ही रीत झकास. पण जे काम करणाऱ्यालाच आपण ते कसं करतो हे माहीत नाही, त्याचे नियम लिहिणार कोण? गर्दीत तुम्ही आईचा आवाज ओळखता. कसा ओळखता, ते पाच नियमांत लिहून दाखवा. मी वाट बघतो.

त्यात नाझूला प्रोग्रामिंग येत होतं ते किती? शाळेत पडद्यावरच्या कासवाला चौकोनात फिरवण्याएवढं. तेही कासव एकदा भिंतीतून बाहेर गेलं होतं.

ढब्बूने तेव्हा आपल्या पोटाचा कप्पा उघडला आणि एक पातळ फळा बाहेर सरकवला. त्यावर रंगीत चौकटी होत्या. ‘ऐक’, ‘खूण लाव’, ‘शिक’, ‘परीक्षा घे’, ‘सांग’. आणि बाजूला आणखी वीस-पंचवीस. बोटाने चौकट ओढायची, दुसरीजवळ ठेवायची आणि दोघींच्या मध्ये बाण काढायचा. यालाच लो-कोड (हाताने फार थोडी आज्ञावली लिहून, तयार तुकडे जोडून काम उभं करायची पद्धत) म्हणतात. प्रत्येक चौकटीच्या आत कोणीतरी हुशार माणसांनी लिहिलेली हजारो ओळींची आज्ञावली आधीच बसलेली असते.

नाझूला हे लगेच पटलं. त्यांच्या दुकानातही तारा जिच्यावर टेकतात ती घोडी एका घरून यायची, तारा दुसरीकडून, खुंट्या तिसरीकडून. जोडायचं काम तेवढं नानांचं. तिने दहा मिनिटांत पाच चौकटी जोडल्या आणि विचारलं, ‘झालं?’

‘सतार जोडली म्हणून वाजायला लागते का?’ ढब्बूने उलट विचारलं. ‘मला अजून काहीच येत नाही. मला उदाहरणं हवीत. एक भोपळा वाजव, आणि तो बरा की वाईट ते सांग. मग दुसरा. मग तिसरा. नियम सांगू नकोस. नियम माझा मी शोधतो.’

याचं नाव मशीन लर्निंग (उदाहरणांवरून यंत्राने स्वतः शिकणं).

पण उत्तरं सांगणार कोण? ती फक्त नानांकडे होती. नाझू त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली की तुमचा कान मला या डब्यात भरून ठेवायचा आहे. नानांनी ढब्बूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहायला फार वेळ लागला नाही. मग म्हणाले की भाजीबाजारात मी याच्याहून मोठी ढब्बू मिरची पाहिली आहे. पण ते उठले, आणि तिच्या मागून माळ्यावर आले. नातीला नाही म्हणायचा नियमही त्यांना कधी लिहिता आला नव्हता.

त्या संध्याकाळी आणि गुरुवारी मिळून एकशेवीस भोपळे झाले. नाना एकेक भोपळा डाव्या कानाशी धरायचे, ठोकायचे, सांगायचे. नाझू खडूने त्यावर आकडा घालायची आणि फळ्यावर हिरवी नाहीतर लाल खूण लावायची. या खुणेला लेबल (उदाहरणासोबत जोडलेलं खरं उत्तर) म्हणतात. नाझूचे हात खडूने पांढरे झाले, नानांचं बोट लाल झालं, आणि ढब्बू नुसता बसून ऐकत होता म्हणून दोघांचीही बोलणी खात होता.

मग ढब्बू म्हणाला की शंभर भोपळे मी अभ्यासाला घेतो, वीस बाजूला ठेवतो. त्या विसांची उत्तरं मला सांगू नका. त्यांची माझी परीक्षा.

नानांनी विचारलं की ती कशाला, एकशेवीसही शिकून टाक. नाझूनेच उत्तर दिलं. पुस्तकात सोडवलेली गणितंच परीक्षेत आली तर गणित येतं की पाठांतर, ते कसं कळणार? त्यांच्या वर्गात अशा पाठांतरवाल्यांची एक अख्खी रांग होती.

‘शिक’ चौकटीवर बोट ठेवल्यावर ढब्बूचं डोकं गुणगुणायला लागलं. आत काय चाललंय, असं नानांनी विचारलं. ढब्बूने फार छान सांगितलं, ते तसंच देतो. त्याच्या आत हजारो बारीक खुंट्या असतात. खऱ्या नव्हेत, आकड्यांच्या. आवाजातल्या कुठल्या कंपाला किती महत्त्व द्यायचं, ते एकेक खुंटी ठरवते. सुरुवातीला सगळ्या कशाही पिळलेल्या असतात, म्हणून उत्तर काहीही येतं. उत्तर चुकलं की प्रत्येक खुंटी इकडे किंवा तिकडे केसभर फिरवायची. पुन्हा ऐकायचं. पुन्हा केसभर. शंभर भोपळे झाले की पहिल्यापासून सुरू. असं हजार वेळा.

‘म्हणजे सतार लावतोय की हा,’ नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्याच्याशेजारी मांडी घालून बसले.

परीक्षा झाली. वीसपैकी वीस.

शमशादने चहा टाकला, भजी तळली. ढब्बूला भजी खाता येत नाहीत, म्हणून त्याच्या वाटणीची नाझूने खाल्ली. नाना हसत होते. आता मी आडवा पडलो तरी चालेल, म्हणाले. उद्या होकार कळवू, म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नानांचा डोळा लागलेला पाहून नाझू एकटीच माळ्यावर गेली आणि उरलेले भोपळे वाजवायला बसली. पहिला वाईट निघाला. दुसरा वाईट. तिसरा, चौथा, दहावा, विसावा, सगळे वाईट. मग तिने काल नानांनी नावाजलेला, हिरवी खूण मिळालेला भोपळा घेतला आणि ठोकला.

‘वाईट,’ ढब्बू म्हणाला.

नाझूला राग आला. तिने काल नानांनी काढून टाकलेला, हातात धरला तरी भुसा गळणारा भोपळा उचलला आणि रागारागाने त्यावर तीनदा ठोकलं.

‘चांगला,’ ढब्बू म्हणाला.

तिने माळ्याच्या दारावर तीनदा ठोकलं. चांगला भोपळा. पाण्याच्या बादलीवर तीनदा. चांगला भोपळा. शेवटी तिने ढब्बूच्याच टाळक्यावर तीनदा ठोकलं, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, ‘अतिशय उत्तम भोपळा. सतारीसाठी जरूर ठेवावा.’

हसू आलं ना? नाझूला रडू आलं. शनिवार उद्यावर होता, आणि विसात वीस मिळवणाऱ्या यंत्राला भोपळा आणि स्वतःचं डोकं यातला फरक कळत नव्हता.

पण ती हुशार मुलगी होती. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि फळ्यावरची काल साठवलेली ध्वनिमुद्रणं एकेक करून ऐकायला लागली. लाल खुणेचा भोपळा, एक ठोका. लाल, एक ठोका. हिरवा, एक ठोका आणि मागोमाग दोन. लाल, एक. हिरवा, एक आणि दोन. शंभरच्या शंभर तसेच.

तिने खाली येऊन अम्मीला हे सांगितलं. शमशाद तारा पुसत बसली होती, ती हसायला लागली. हे तर मला तुझ्याएवढी असल्यापासून ठाऊक आहे, म्हणाली. मिरजेचं माणूस ते, सूर भला लागला की दाद दिल्याशिवाय राहतं का? अब्बांचा पहिला ठोका म्हणजे प्रश्न, पुढचे दोन म्हणजे वाहवा. नाझूने विचारलं की मग आधी का नाही सांगितलंस? तर शमशाद म्हणाली, मला कोणी विचारलं?

नानांना हे पटेना. आपण असं काही करतो हे त्यांना पन्नास वर्षांत कळलंच नव्हतं. तिने समोर भोपळा धरला, त्यांनी ठोकला, तो चांगला निघाला आणि बोट आपोआप आणखी दोनदा पडलं. नाना स्वतःच्या बोटाकडे असे बघत राहिले, जसं ते कोणा पाहुण्याचं असावं.

ढब्बूचा यात काय दोष होता? त्याने शंभर उदाहरणांत जे सगळ्यात सोपं सापडलं ते धरलं. तीन ठोके म्हणजे चांगला, एक ठोका म्हणजे वाईट. कंपांच्या मागे लागायची त्याला गरजच पडली नाही. परीक्षेच्या विसातही तेच होतं, म्हणून विसात वीस. यंत्राला आपण काय शिकवायला निघालो हे त्याला ठाऊक नसतं. समोर जे पडतं तेच ते शिकतं. म्हणून समोर काय पडतंय ते माणसाला फार बारकाईने पाहावं लागतं, आणि त्याला प्रोग्रामिंग यायला लागत नाही. कान आणि डोळे उघडे लागतात.

‘नाना, आता प्रत्येकाला एकदाच ठोका,’ नाझू म्हणाली.

ते काही जमलं नाही. चांगला भोपळा आला की बोट ऐकेचना. नाझूने मनगट धरून ठेवलं तर दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर पडलं. मग तिने फळ्यावरच्या बाजूच्या चौकटी चाचपल्या आणि एक सापडली. ‘काप’. ती तिने ‘ऐक’ आणि ‘शिक’च्या मध्ये बसवली आणि खाली लिहिलं, पहिला ठोका ठेव, पुढचं काढून टाक. एवढी एकच ओळ तिने या सगळ्या खटाटोपात स्वतः लिहिली.

ढब्बू पुन्हा गुणगुणला. या वेळी तासभर. पुन्हा परीक्षा झाली.

वीसपैकी सतरा.

नाझूचं तोंड उतरलं. आधीचे वीस बरे होते, असं तिला वाटलं. नाना म्हणाले की ते वीस खोटे होते, हे सतरा खरे आहेत, आणि ज्याने परवापर्यंत भोपळा पाहिला नव्हता त्याने दोन दिवसांत सतरा ओळखावेत म्हणजे मी याला मिरची म्हणालो ते मागे घेतो. मला तर सतरा यायला सहा वर्षं लागली होती.

‘चुकलेले तीन कोणते?’ त्यांनी विचारलं.

चार, अकरा आणि सतरा नंबरचे. चार आणि अकराला नानांनी चांगलं म्हटलं होतं, ढब्बूने वाईट. सतराला उलटं. नाना म्हणाले कापू या, आणि याला त्याची चूक दाखवू.

भोपळे एरवी असे उगाच कापत नाहीत. कापलेला लगेच भिजवून साच्यावर ताणावा लागतो, नाहीतर त्याचं तोंड वाकडं होतं. म्हणूनच तर आधी ठोकून निवडायचे. पण तीन कापायला हरकत नव्हती. नानांनी सतरावा कापला आणि आत दिवा धरला. एका अंगाला भुसभुशीत. नाना बरोबर, ढब्बू चूक. नानांनी ढब्बूच्या पाठीवर थाप मारली.

मग चौथा कापला. दिवा आत धरला आणि सालीतून केसाएवढी एक उजेडाची रेघ बाहेर पडली.

नानांनी अकरावा कापला. त्यातही रेघ होती.

नाना दिवा खाली ठेवून बसले. मग म्हणाले, ‘माझा कान गेला, नाझू. मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.’

‘मलाही माहीत होतं,’ नाझू म्हणाली. ‘मीही नाही सांगितलं.’

शमशाद दारात उभी होती. ती येऊन वडिलांजवळ बसली. नानांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि ढब्बूला विचारलं, ‘तुला शिकवलं मी. मग जे मला ऐकू आलं नाही ते तुला कसं ऐकू आलं, लेका?’

ढब्बू म्हणाला, ‘मलाही तुमच्यामुळेच ऐकू आलं, नाना. शंभरातली तुमची नव्वद उत्तरं तरी बरोबर असतील, दहा चुकीची. चुकीच्या दहांनी माझ्या खुंट्या दहा वेगवेगळ्या दिशांना ओढल्या, त्यांची ओढ आपापसातच जिरून गेली. बरोबर नव्वदांनी सगळ्यांनी एकाच दिशेला ओढलं. तुम्ही चुकता तेव्हा कधी या कारणाने, कधी त्या. बरोबर असता तेव्हा नेहमी एकाच कारणाने. ते कारण माझ्यात राहिलं. तो तुमचा कान आहे, पूर्वीचा.’

हे नेहमीच असं होतं असं मात्र समजू नका. नाना दर वेळी एकाच जातीच्या भोपळ्याला चुकले असते, तर ढब्बूही तीच चूक मन लावून शिकला असता. म्हणून नाझूने चार आणि अकराच्या खुणा पुसून लाल केल्या, आणि सतरा धरून तिन्ही भोपळे अभ्यासाच्या ढिगात टाकले. दिवसभरात शंकेचे आणखी सहा कापले, त्यांच्याही खुणा तपासल्या. ढब्बू पुन्हा शिकला. यात कमीपणा नसतो. शिकलेलं पुन्हा शिकायला जो तयार असतो तोच पुढे जातो, मग तो डबा असो की आजोबा.

शनिवारी सकाळी छोट्या घेराचे भोपळे वेगळे काढले. ते चौदाच भरले. नाना प्रत्येक भोपळा ठोकायचे, नाझू ढब्बूचं उत्तर वाचायची. आता ढब्बू नुसतं बरा-वाईट न सांगता खात्री (आपलं उत्तर खरं असण्याची शंभरात किती शक्यता, तो आकडा) सांगायचा. शहाण्णव चांगला. ब्याण्णव चांगला. अठ्ठ्याण्णव वाईट, तो काढला. असं करत अकरा चांगले निघाले, दोन वाईट, आणि एक राहिला. बारा पुरे व्हायला तोच हवा होता.

नानांनी ठोकला. त्यांनी पुन्हा ठोकला. ‘मला दोन्ही ऐकू येतंय,’ ते म्हणाले.

‘बावन्न चांगला, अठ्ठेचाळीस वाईट,’ ढब्बू म्हणाला. म्हणजे मला माहीत नाही, हेच त्याने सभ्य भाषेत सांगितलं.

नाझूने भोपळा स्वतःच्या मांडीवर घेतला. तिला तो चांगला निघायला हवा होता. तो चांगला निघाला की बारा पुरे, नानांचा होकार, चंद्रावर मिरजेची सतार. तिने एकदा ठोकलं आणि मान कलती केली. तिचा चेहरा पडला.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘याच्यात आहे काहीतरी. देठाच्या बाजूला.’

नानांनी करवत घेतली. भोपळा उघडला, आत दिवा धरला. देठाजवळ, पुरी बोटभरही नाही, एक उजेडाची रेघ होती.

‘तुला कसं गं कळलं?’ शमशादने विचारलं. नाझूने खांदे उडवले. तिला खरंच सांगता येईना.

उत्तर ढब्बूने दिलं. ‘मी शंभरावर भोपळे ऐकले, प्रत्येकाचं उत्तर कळलं आणि चुकांवरून खुंट्या फिरवल्या. तेव्हा खडू घेऊन माझ्या शेजारी कोण बसलं होतं?’

नानांनी करवत खाली ठेवली. मग हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, ‘म्हणजे सांगता येत नसलं तरी शिकवता येतं. नुसतं शेजारी बसवायचं होतं.’ ते शमशादकडे वळले. ‘तुला मी तीस वर्षं उगाच नकार देत राहिलो.’

शमशाद म्हणाली की तीस नाही, बत्तीस. आणि तिने पाटावर आपल्यासाठी जागा केली.

चंद्रावर निरोप गेला तो असा. अकरा सतारी वेळेवर मिळतील. बारावी पुढच्या पिकाची, कारण खोटा भोपळा आम्ही पाठवत नाही. भोपळे तीन कानांनी (नानांचा एक, नाझूचे दोन) आणि एका यंत्राने पारखलेले आहेत. संध्याकाळी उत्तर आलं की अकरा चालतील, आमच्याकडे वाट बघायला शिकवायचा वेगळा तास नाही, तोही यात होऊन जाईल.

इकडे माळ्यावर ढब्बूचा फळा अजून उघडा होता. त्या शेवटच्या भोपळ्यापुढे लाल खूण लागली होती, पण शेजारची चौकट रिकामी लुकलुकत होती. खूण कोणी लावली ते तिथे लिहायचं असतं, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर कोणाला विचारायचं ते कळतं. आतापर्यंतच्या सगळ्या खुणांपुढे एकच नाव होतं, दस्तगीर.

‘इथे कोणाचं नाव घालू?’ ढब्बूने विचारलं.

नाझू नानांकडे बघायला लागली. नानांनी पुढचा भोपळा उचलून तिच्या मांडीवर ठेवला होता.

‘नाझनीन लिही,’ ते म्हणाले. ‘पूर्ण लिही. घरातलं नाव नको.’